तुमचं विचारा : पार्किंगमध्ये वर्कशॉप थाटायचंय

गेल्या महिन्यात घरातल्या छोट्या दुरुस्त्यांवर लिहिलं, तर त्यावर आलेली निम्मी पत्रं एकाच गोष्टीची, की हे सगळं करायला जागा कुठे आणि कशी करायची. कुणाचं बंगल्याचं पार्किंग, कुणाचं रो हाऊसचं गॅरेज, एकाने तर जिन्याखालच्या कोपऱ्याचं मापासकट चित्र काढून पाठवलंय. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, पण जी पत्रं घेतलीत त्यात बाकीच्यांचंही बरंचसं येऊन जातं. मशीन कुठलं घेऊ हे बहुतेकांनी पहिल्याच ओळीत विचारलंय, मी ते मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवलंय.

रो हाऊसला १० बाय १८ फुटांचं शटरवालं गॅरेज आहे, आत हॅचबॅक असते. नुकताच रिटायर झालोय, थोडं लाकूडकाम थोडं लोखंडाचं असं करायचंय. ग्राइंडर, वेल्डिंग मशीन, बेंच ड्रिल, टेबल सॉ, कॉम्प्रेसर अशी यादी केलीय, बजेट दीड लाख. गाडी बाहेर ठेवायची नाहीये. सुरुवात कुठून करू? (नाशिक)

यादी जरा बाजूला ठेवा आणि टेप घ्या. १८ फूट म्हणजे ५.४९ मीटर. हॅचबॅक स्विफ्टच्या मापाची धरली तर ३.८६ मीटर, म्हणजे पावणेतेरा फुटांच्या आत. उरले सव्वापाच फूट. शटर आणि बंपरमध्ये सहा इंच सोडा, समोरच्या भिंतीला २ फूट खोलीचं बेंच लावा, तुम्हाला उभं राहायला पावणेतीन फूट मिळतात. एका माणसाला पुरतात, पण टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली फिरती करवत, विसरा. ८ बाय ४ ची अख्खी शीट सॉवर घालायची तर पुढे आठ आणि मागे आठ फूट मोकळे लागतात, गाडी काढली तरी ते जेमतेम जमेल. बऱ्याच प्लायच्या दुकानांत मापाने कापून देतात, तिथूनच पट्ट्या पाडून आणा.

बेंच विकत घेऊ नका, बनवा. १९ मिमीची एक ८ बाय ४ ची बीडब्ल्यूआर, म्हणजे ओल सहन करणारी प्लाय घ्यायची, मधोमध उभी फाडून घ्यायची, दोन्ही पट्ट्या एकावर एक फेव्हिकॉलने चिकटवून खालून स्क्रू मारायचे, की एका शीटमध्ये ८ फूट लांब, २ फूट रुंद आणि ३८ मिमी जाड माथा तयार, वाया काही जात नाही. खाली ४० बाय ४० चा २ मिमी जाडीचा चौकोनी पाइप, फॅब्रिकेटर एका दिवसात फ्रेम वेल्ड करून देतो. पार्किंगच्या जमिनीला पाणी जायला बाहेरच्या बाजूला उतार असतो हे लक्षात ठेवा, नाहीतर बेंचवर ठेवलेला बेअरिंगचा छर्रा थेट गाडीखाली, म्हणून पायांना वरखाली होणारे लेव्हलिंग बोल्ट लावून घ्या. आणि खालचा कप्पा जमिनीपासून आठ इंच तरी वर, पावसाळ्यात शटरखालून पाणी आलं तर सामान तरी वाचेल.

उंचीचं पुस्तकी माप देत नाही कारण तुमची उंची लिहिलेली नाही. चपला घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा, मनगटापाशी बेंचचा माथा आणि कोपरापाशी व्हाइसच्या, म्हणजे काम घट्ट पकडणाऱ्या शिकंज्याच्या, जबड्याची वरची कड असं पाहिजे, कमी पडत असेल तर व्हाइसखाली लाकडाचा ठोकळा घाला. व्हाइस ५ किंवा ६ इंची, बेंचच्या पायाच्या बरोबर वर, आरपार बोल्ट आणि खाली मोठे वॉशर, स्क्रूवर बसवलेला व्हाइस पहिल्याच जोराच्या झटक्याला हलायला लागतो. कानस मारणं, पाइप कापणं, पटाशीने खाच काढणं, सगळं त्याच्यावरच होणार आहे त्यामुळे इथे पैसे वाचवू नका. पाने-पक्कड कुठले घ्यावेत हे नाशिककरांना मी काय सांगू, तपारियाचा कारखानाच सातपूरला आहे.

लाइट बेंचच्या वर पण तुमच्या डोक्याच्या पुढे, २० वॉटच्या दोन एलईडी ट्यूब. मागे लावलात तर तुमचीच सावली कामावर पडते. जुनी चोकवाली ट्यूब पडलेली असेल तर ती इथे लावू नका, ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, डोळ्याला कळत नाही पण ठरावीक स्पीडला फिरणारा ड्रिलचा चक, म्हणजे बिट पकडणारं तोंड, थांबल्यासारखा दिसू शकतो आणि माणूस हात घालतो.

आता गाडीचं. गाडी आत उभी असताना ग्राइंडर आणि वेल्डिंग अजिबात नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साठते, ठिणगीही तिथेच जाऊन पडते, हे झालं मोठं कारण. छोटं कारण असं की ग्राइंडरची ठिणगी म्हणजे लालबुंद लोखंडाचा कण, तो काचेत आणि पेंटमध्ये रुततो, आणि नंतर पांढऱ्या गाडीवर गंजाचे बारीक तांबूस ठिपके उठतात ते कितीही धुतलं तरी जात नाहीत. लोखंडाच्या कामाच्या दिवशी गाडी दोन तास गल्लीत राहू द्या.

दीड लाखातले पहिले चाळीसेक हजार वायरिंग, लाइट, बेंच, व्हाइस आणि हातातल्या हत्यारांना. बाकीचे सहा महिने बँकेत असू देत. वेल्डिंग खरंच करताय की नुसतंच करावंसं वाटतंय हे तोपर्यंत समजेल.

बेंच ड्रिल आणि १ एचपीचं कॉम्प्रेसर घेतलं. घरातून एक्स्टेंशन बोर्ड ओढून गॅरेजमध्ये चालवतो. दोन्ही एकदम चालू केली की एमसीबी पडतो, बोर्डही गरम होतो. वायरमन म्हणतो मोठा एमसीबी टाकून देतो, टाकू का? (छत्रपती संभाजीनगर)

नका टाकू आणि वायरमन बदला. एमसीबी हा भिंतीतली वायर जळू नये म्हणून असतो, वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला तर पुढच्या वेळी पडणार नाही, वायर तापेल आणि ती कुठे तापतेय ते प्लास्टरमागे दिसणारही नाही.

होतंय काय ते बघा. १ एचपी म्हणजे ७४६ वॉट, मोटर चालू झाल्यावर पाच ते सात अँपिअर घेते, काहीच मोठं नाही. पण चालू होतानाच्या क्षणी ती त्याच्या पाचसहा पट ओढते, म्हणजे ३० च्या पुढे. घर ते गॅरेज २० मीटर अंतर आणि वायर १.५ स्क्वेअर एमएमची असेल तर त्या क्षणाला साधारण १७ व्होल्ट वाटेतच जातात, वर तुमचा एक्स्टेंशन बोर्ड, त्याच्या ढिल्या पिना. मोटरला व्होल्टेज कमी मिळालं की तिला उठायला वेळ लागतो, तोवर ती तेवढाच करंट ओढत राहते, म्हणून एमसीबी पडतो. हेच ४ स्क्वेअर एमएमच्या वायरला साडेसहा-सात व्होल्टवर येतं.

म्हणून मेन डीबीपासून, म्हणजे एमसीबी बसवलेल्या डब्यापासून, गॅरेजला स्वतंत्र लाइन, ४ स्क्वेअर एमएम तांब्याची, गॅरेजमध्ये छोटा डीबी, त्यात शॉक बसला तर लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि मशीनच्या लाइनला १६ अँपिअरचा सी टाइप एमसीबी. बी टाइप मोटरच्या झटक्याला उगाच पडतो. लाइटला वेगळा एमसीबी द्या म्हणजे मशीनने ट्रिप केलं तरी काळोखात फिरत्या ब्लेडसमोर उभं राहायची वेळ येत नाही, ही गोष्ट दहातले नऊ वायरमन करत नाहीत, तुम्ही सांगून करून घ्या. १६ अँपिअरचे सॉकेट बेंचच्या वर भिंतीवर, बेंचखाली नाही. आणि अर्थिंग खरंच आहे का ते तपासून घ्या, जुन्या घरांत तिसरी पिन कित्येकदा कुठेच जोडलेली नसते, वायर बोर्डात आणून नुसती सोडलेली असते. लोखंडी बॉडीच्या मशीनला हात लावून, ओल्या फरशीवर उभं राहून काम करायचंय तुम्हाला.

दोन्ही मशीन एकदम चालू करायची सवयही सोडा. कॉम्प्रेसर टाकी भरून स्वतः बंद होतो, मग ड्रिल लावा. टाकीच्या खाली एक ड्रेन असतो तो पावसाळ्यात रोज उघडा, पेलाभर पाणी निघतं, ते आत राहिलं तर टाकी आतून गंजते.

जाता जाता, बिलावरचा मंजूर भार बघून ठेवा. आणि लोकांची कामं पैसे घेऊन करायला लागलात तर ती वीज घरगुती वापरात धरली जाईलच असं नाही, महावितरणला आधी विचारून घ्या.

समुद्रापासून दोन किमीवर घर, पडवीत हत्यारं ठेवतो. पावसाळा संपेपर्यंत सगळ्यावर तांबेरा. तेल लावून थकलो. (रत्नागिरी)

कुठलं तेल ते लिहिलं नाहीत. खोबरेल असेल तर ते बंद करा, खवट होतं आणि चिकट थर धरतं. गंज उडवायचे जे स्प्रे मिळतात ते पाणी हटवायला आणि जाम झालेला बोल्ट सोडवायला उत्तम, पण त्यातला बराचसा भाग उडून जातो, चार महिने टिकेल अशी ती सोय नाही. शिलाई मशीनचं तेल रोजच्या हत्याराला, आणि दिवाळीपर्यंत हात लागणार नाही अशा सामानाला जाड इंजिन ऑइलचा हात किंवा ग्रीस. ड्रिलच्या बेडसारख्या बिडाच्या सपाट भागाला पेस्ट वॅक्स, म्हणजे फर्निचरचं मेण, लाकडाला तेलाचे डागही पडत नाहीत.

पण तुमच्याकडे खरी भानगड खारट हवेची आहे. मिठाचा थर लोखंडावर बसला की तो हवेतलं पाणी ओढून घेतो, वरून तेल फासलं तरी खाली काम चालूच. म्हणून आधी ओल्या फडक्याने पुसा, मग पूर्ण कोरडं करा, मग तेल. घाम म्हणजेही मीठच, काळ्या पडलेल्या हत्यारांवर बोटांचे ठसे दिसतात ना, ते त्याचेच.

पडवीतून सगळं बंद कपाटात हलवा. कपाट पत्र्याचं असलं तरी चालेल, दाराच्या फटींना रबरी पट्टी, आणि आत खालच्या बाजूला जुना पिवळा बल्ब मिळाला तर २५ वॉटचा, सामानापासून वीतभर लांब. आतली हवा बाहेरपेक्षा चार-पाच अंश गरम राहिली तरी तिचा दमटपणा बराच उतरतो. लाकडाची खोकी, गोणपाट, पेपर यातलं काही त्या कपाटात नको, एक तर बल्ब आहे आणि दुसरं हे सगळं ओल धरून बसतं. बल्ब नको असेल तर सिलिका जेलच्या पिशव्या, भिजल्या की तापवून परत वापरता येतात, फक्त निळी जेल असते तिच्यात कोबाल्ट असतं, ती स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये घालायची नाही.

झालेला गंज काढायला साधं व्हिनेगर. हत्यार रात्रभर बुडवा, सकाळी तारेच्या ब्रशने घासा, खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यातून काढा, लगेच पुसून उन्हात, आणि गरम असतानाच तेल. मधे चहाला गेलात तर परत येईपर्यंत पिवळी झाक आलेली असते. क्रोम केलेले पाने मात्र यात घालू नका, क्रोम सुटतं. आणि कानशीला तेल लावायचं नाही, ती घसरते आणि दातांत भुगा अडकून बसतो, खडू घासून कोरडीच ठेवा. कानशी तुमच्या रत्नागिरीतच बनतात, त्यामुळे दातं गेलेल्या कानशीवर जीव लावून बसू नका.

सोसायटीत इमारतीखालचं, खांबांमधलं स्टिल्ट पार्किंग माझ्या नावावर आहे, पैसे मोजलेत. तिथे कपाट आणि छोटं बेंच टाकून रविवारी काम केलं तर सेक्रेटरी अडवू शकतात का? (ठाणे)

अडवू शकतात, आणि त्यांचं बरोबर आहे. ऑगस्ट २०१० मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की स्टिल्ट पार्किंग ही सामायिक जागा, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. म्हणजे पैसे मोजले असले तरी तुमच्याकडे आहे तो गाडी लावायचा हक्क. कपाट, बेंच, पडदा, जाळी यातलं काही त्यात बसत नाही, शिवाय आग लागली तर तोच बाहेर पडायचा रस्ता असतो.

आवाजाचंही बघा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. ग्राइंडर शंभरच्या आसपास जातो आणि स्टिल्टमध्ये तो घुमतो. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांची दुपारची झोप मोडली की पुढच्या एजीएमला तुमचाच विषय.

गॅलरीत भिंतीला बिजागरीवर दुमडणारी फळी, ४ इंची क्लॅम्पवाला व्हाइस आणि हातहत्यारं एवढ्यावर खूप काही होतं. थिनर आणि स्प्रे पेंट गॅलरीतही नको, खालच्याचे कपडे वाळत असतात.

वय ४८, सुतारकाम शिकायचंय. गॅरेज रिकामं आहे कारण गाडी विकली. गुडघे दुखतात. भाऊ म्हणतो आधी मशीन घे, हाताने काही होत नाही. (सांगली)

भावाला म्हणावं आजोबांच्या घराचे दरवाजे कुणी मशीनवर केले नव्हते. आपले सुतार जमिनीवर बसून, पायाने लाकूड धरून काम करत आलेत, तुमच्या गुडघ्यांना ते जमणार नाही म्हणून उभ्याने काम करायचं बेंच हवंच, वर नाशिकच्या उत्तरात आहे तसं, फक्त उंची तुमच्या मनगटाने ठरवा आणि पायाखाली जाड रबरी मॅट टाका, कोटा फरशीवर तासभर उभं राहणं गुडघ्याला चांगलं नाही.

हत्यारं थोडी. बारीक दातांची करवत, लोखंडी रंधा, पटाश्या ६, १२ आणि २५ मिमीच्या, काटकोन बघायला गुण्या, कडेला समांतर रेघ मारायला खतावणी, ठोकायला बाभळीची मोगरी, चार क्लॅम्प. पटाश्यांचा बाराचा सेट घेऊ नका, त्यातल्या नऊ तशाच राहतात. पुण्याला येणं होत असेल तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, जुन्या पोलादाच्या पटाश्या आणि रंध्याची पाती मिळतात, मूठ मोडकी चालेल, पण पातं पाठीमागून खड्डे पडलेलं नको, ते सपाट करता करता जीव जातो.

नवीन पटाशी दुकानातून येते ती धार लावलेली नसते, हे लोकांना माहीत नसतं आणि म्हणून ‘हाताने काही होत नाही’. जाड काचेचा तुकडा घ्या, त्यावर ४००, मग १०००, मग २००० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर पाण्याने चिकटवा. आधी पाठ, ती शेवटचा इंचभर आरशासारखी होईपर्यंत, मग २५ अंशाचा उतार, आणि टोकाला ३० अंशावर चारदोन हात. कोन धरायला चाकवालं होनिंग गाइड मिळतं, ते बिनधास्त घ्या, जुने मिस्त्री हसतील, हसू देत. हातावरचे केस निघाले म्हणजे धार आली. पहिला महिना निव्वळ धार लावणं आणि पाइनच्या तुकड्यावर सरळ करवतणं एवढंच करा. पाइन पॅकिंगच्या खोक्यांचं स्वस्तात मिळतं, खिळे नीट बघून काढा. पुढे शिवण बघा, हलकं आणि रंध्याला गुणी लाकूड आहे. सागवान हात बसल्यावर.

मास्क लावा, एन९५. लाकडाचा भुगा निरुपद्रवी वाटतो पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने तो १९९५ मध्येच कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलाय. रंध्याच्या ढलप्यांचा फारसा त्रास नाही, सँडपेपरच्या बारीक धुळीचा आहे. आणखी एक, फर्निचरला जवसाचं तेल लावलं तर ते पुसलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा केलेलं फडकं काही तासांत आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा. दाराजवळ २ किलोचं एबीसी अग्निशामक टांगा, कोपऱ्यात नाही, दाराजवळ.

मुलगा नववीत, सतत काहीतरी खोलून बसतो. गॅरेजमध्ये त्याला काय देऊ? (जुन्नर)

जुनी बाइक द्या. आपल्याकडच्या बाइकचं बहुतेक काम ८, १०, १२, १४ आणि १७ च्या पान्यांत होतं, रिंग पाने आणि टी स्पॅनर एवढेच घ्या. बोल्ट काढला की पुठ्ठ्यावर इंजिनचं चित्र काढून त्यात जागच्या जागी टोचून ठेवायला शिकवा. ग्राइंडर नको, आणि शटर लावून इंजिन चालू करायचं नाही हे पहिल्या दिवशी, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शाळेचं गणित बिघडत असेल तरी त्याला एकदा पाबळच्या विज्ञान आश्रमात घेऊन जा, तुम्हाला जवळ आहे. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलाय, तिथे मुलं हाताने काम करत शिकतात, आणि २००२ पासून तिथे फॅब लॅब, म्हणजे कॉम्प्युटरवर आखलेली वस्तू मशीनने बनवायची कार्यशाळा आहे.

मुलाकडे कायमचे आलोय, टू कार गॅरेज आहे. भारतातून ड्रिल, ग्राइंडर मागवू का? इथे महाग वाटतं. (न्यू जर्सी)

नको. तिथे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपलं २३० आणि ५०. ग्राइंडर-ड्रिलला ट्रान्सफॉर्मर लावून चालेल, पण तो किलोंनी जड आणि त्याच पैशात तिथलं ड्रिल येईल. रंधा, पटाश्या, कानशी, पाने मागवा, त्यांना व्होल्टेज लागत नाही, फक्त चेक-इन बॅगेत. आणि तिथल्या गाड्यांसाठी एमएमचे पाने चालतात पण घरातल्या नटबोल्टला इंचाचे लागतील.

एकच मशीन घ्यायचं तर कुठलं? (पुणे, कोल्हापूर, अकोला, पणजी आणि इतर बरेच)

ड्रिल. भिंतीत भोकं पाडायची असतील तर १३ मिमी चकचं, स्पीड कमीजास्त होणारं, उलटं फिरणारं इम्पॅक्ट ड्रिल, वायरवालं. बॅटरीवालं सुटसुटीत आहे पण सहा महिने न वापरता पडून राहणाऱ्या घरात बॅटरी आधी जाते. लोखंडात भोक पाडताना स्पीड कमी, दाब जास्त, आधी सेंटर पंच, आणि तुकडा हातात धरायचा नाही, व्हाइसमध्ये. हातमोजे घालून ड्रिल चालवायचं नाही, चक मोजा गुंडाळतो आणि बोट बरोबर घेतो.

दुसरं मशीन लोखंडवाल्यांसाठी ४ इंची ग्राइंडर. गार्ड काढायचा नाही, लाकूड कापायचं दातेरी ब्लेड त्यावर लावायचं नाही, बाजारात मिळतं तरी. डिस्क घेताना मधल्या पत्र्याच्या रिंगवर एक्सपायरी महिना-वर्ष छापलेलं असतं ते बघा, डिस्क जुनी झाली की तिला बांधून ठेवणारं रेझिन कमजोर होतं आणि ती मिनिटाला ११ हजार फेऱ्यांना तुमच्या तोंडासमोर फिरत असते. कोल्हापूरकरांनी उद्यमनगरात सेकंडहँड ग्राइंडर बघितला म्हणून लिहिलंय, घ्या हरकत नाही, पण चालू करून स्पिंडल डगमगतो का बघा, कार्बन ब्रश काढून दाखवायला सांगा, आणि गार्ड हरवलाय म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.